कार्ड खिशात आहे, पण नाव यादीत आहे का? वस्तीत मतदार बैठक घेणाऱ्यांसाठी

मतदार ओळखपत्र म्हणजे मतदानाचा परवाना नव्हे. परवाना म्हणायचाच तर तो मतदार यादीतल्या त्या एका चौकटीला म्हणावा लागेल, जिथे तुमचं नाव, वय, घर क्रमांक आणि अनुक्रमांक छापलेला असतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२ तेच सांगतं: यादीत नाव असेल तर मत आहे, नसेल तर नाही. कार्ड फक्त इतकंच सिद्ध करतं की यादीतली ती व्यक्ती तुम्हीच.

हा फरक न कळल्यामुळे दर निवडणुकीत केंद्राबाहेर त्याच त्या तक्रारी ऐकू येतात. "कार्ड आहे, आधार आहे, गेल्या वेळी मत दिलंय, आणि आता म्हणतात नाव नाही." त्या दिवशी याला उपाय नसतो. उपाय असतो दोन-तीन महिने आधी, सोसायटीच्या कार्यालयात, चाळीच्या गच्चीवर किंवा वाडीतल्या समाजमंदिरात, यादी समोर ठेवून. अशी बैठक पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे.

तारीख ठरवताना

उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते. त्यानंतर नाव घालताही येत नाही, काढताही येत नाही. तपासणीला वेळ लागतो म्हणून प्रत्यक्षात शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधीपर्यंत आलेले अर्जच त्या निवडणुकीसाठी धरले जातात. त्यामुळे आचारसंहिता लागल्यावर बैठक घेणं म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालणं. मतदान संपण्याच्या वेळेआधीच्या ४८ तासांत तर निवडणुकीसंबंधीच्या सार्वजनिक सभेवरच कलम १२६ ची बंदी आहे.

सोयीचे काळ दोन. एक, वार्षिक पुनरीक्षणात, म्हणजे यादीच्या दरवर्षीच्या फेरतपासणीत, प्रारूप (कच्ची) यादी लागते तेव्हा. हा कार्यक्रम एरवी दिवाळीच्या आसपास सुरू होऊन जानेवारीत संपतो. दोन, मे महिना, कारण बाहेरगावी शिकणारी मुलं घरी असतात. वयाची अर्हता तारीख आता वर्षातून चारदा येते: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करून ठेवता येतो. बारावीची मुलं बैठकीला आवर्जून बोलवा. मोबाइलवर अर्ज भरण्याचं निम्मं काम तीच उरकतात.

महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायतीची निवडणूक डोळ्यांसमोर ठेवून बैठक घेत असाल तर इथे थांबून नीट वाचा. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण तो स्वतः नवीन मतदार नोंदवत नाही. ठरावीक तारखेची विधानसभेची यादी जशीच्या तशी घेतो आणि प्रभागानुसार फोडतो. प्रभागाची प्रारूप यादी लागल्यावर हरकत घेता येते ती चुकीच्या प्रभागात गेलेल्या नावांवर, लेखनिकाच्या चुकांवर, किंवा विधानसभेच्या यादीत असून प्रभागाच्या यादीतून सुटलेल्या नावांवर. "माझं नाव नव्याने घाला" ही हरकत तिथे टिकत नाही. दर वेळी शेकडो लोक तोच अर्ज घेऊन प्रभाग कार्यालयात रांग लावतात आणि हात हलवत परततात. पदवीधर मतदारसंघाचं गणित याहून वेगळं: ती यादी दर वेळी पहिल्यापासून तयार होते आणि विधानसभेच्या यादीतलं नाव तिथे उपयोगी पडत नाही.

यादी मिळवणं आणि ती वाचता येणं

राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर जिल्हा, विधानसभा मतदारसंघ आणि यादी भाग निवडला की पीडीएफ उतरते. फुकट असते. एक यादी भाग म्हणजे एक मतदान केंद्र. २०२५ पासून एका केंद्रावर जास्तीत जास्त १,२०० मतदार ठेवण्याचं धोरण आहे; त्याआधी ही मर्यादा १,५०० होती. केंद्रं नव्याने आखली गेल्यामुळे जुना भाग क्रमांक पाठ असला तरी तो पुन्हा तपासा.

भाग क्रमांक माहीत नसेल तर मतदार सेवा पोर्टलवर शेजारच्या तीन-चार मतदारांची कार्ड क्रमांकाने नावं शोधा, उत्तरात भाग क्रमांक येतो. एकाच इमारतीतले लोक दोन भागांत विभागलेले असणं नवलाचं नाही. ए विंग एका शाळेत आणि बी विंग दुसऱ्या शाळेत, हे तर नेहमीचंच. म्हणून आजूबाजूचे दोन-तीन भागही उतरवून ठेवा.

ही पीडीएफ चित्ररूपात असते. तिच्यात नाव टाइप करून शोधता येत नाही, डोळ्यांनीच वाचावं लागतं. एका पानावर तीस चौकटी, म्हणजे १,२०० मतदारांना चाळीस पानं, शिवाय मुखपृष्ठ आणि नकाशा. पाठपोट छापू नका. खुणा करायला एक बाजू कोरी लागते. अनुक्रमांक गाळू नका, कारण मतदानाच्या दिवशी कर्मचारी नाव शोधतात ते अनुक्रमांकावरून.

पुरवणी यादी शेवटी जोडलेली असते आणि नवखे लोक हमखास ती वाचायची विसरतात. मूळ यादीत नाव दिसलं म्हणून निश्चिंत व्हायचं आणि पुरवणीत ते वगळलेलं असायचं, असा घोळ होतो. वगळलेल्या नावापुढे कारणाचं इंग्रजी अक्षर असतं. ई म्हणजे मृत, एस म्हणजे स्थलांतरित, आर म्हणजे दुबार, एम म्हणजे पत्त्यावर न सापडलेला आणि क्यू म्हणजे अपात्र. वस्तीसाठी सगळ्यात कामाची अक्षरं एस आणि एम. जिवंत, तिथेच राहणाऱ्या माणसापुढे ती लागलेली असतील तर बहुधा पडताळणीला कर्मचारी आले तेव्हा दार बंद होतं आणि शेजाऱ्याने "ते आता इथे नसतात" असं सांगून टाकलेलं असतं.

माणसं आणि टेबलं

दहा स्वयंसेवक पुरतात. दोघादोघांच्या पाच जोड्या करा आणि प्रत्येक जोडीला आठ पानं द्या, म्हणजे जोडीमागे २४० नावं आली. एकाने वाचायचं, दुसऱ्याने खूण करायची. जोडीतला एक जण तरी त्या वस्तीत दहा-बारा वर्षं राहिलेला हवा. नवीन माणसाला "देशमुख काकू" कोण हे ठाऊक नसतं, आणि यादीत तर त्यांचं पाळण्यातलं नाव छापलेलं असतं.

खुणा आधी ठरवून घ्या. बरोबर असेल तर टिक, दुरुस्ती हवी असेल तर "दु", राहायला दुसरीकडे गेलेल्यांना "स्थ", वारलेल्यांना "मृ", एकच व्यक्ती दोनदा असेल तर "२". खुणा पेन्सिलनेच करा. पहिल्या तासात निम्म्या खुणा बदलतात.

खुणा केलेल्या पानांचे फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कोण वारलं, कोण घर सोडून गेलं, कोणाचं नाव दुबार आहे ही माहिती पसरली की भांडणं होतात, आणि ती अफवांसाठी कच्चा मालही पुरवते. आधारच्या झेरॉक्स गोळा करून कपाटात ठेवू नका. ज्याचा अर्ज त्याने स्वतःच्या मोबाइलवरून भरावा. तुम्ही शेजारी बसा.

त्या भागाच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, म्हणजे बीएलओला, बोलवाच. ही व्यक्ती बहुतेक वेळा शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा पालिकेची कर्मचारी असते आणि आपली नोकरी सांभाळून हे काम करते. रविवारी सकाळी बोलावून चार तास बसवून ठेवू नका. शेवटचा तास मागा. बीएलओचा संपर्क पोर्टलवर मिळतो किंवा १९५० या क्रमांकावर विचारता येतो.

पक्षांचे प्रतिनिधी बोलवायचे असतील तर सगळ्यांना बोलवा, नाहीतर कोणालाच नको. एकाच पक्षाचा फलक मागे लागला की अर्धी वस्ती घरी बसते, आणि नेमकी त्याच अर्ध्या वस्तीची नावं तपासायची राहतात.

कोणाला कोणता अर्ज

सरकारी मराठीत याला "नमुना" म्हणतात, लोक "फॉर्म" म्हणतात. १ ऑगस्ट २०२२ पासून हे अर्ज बदलले आहेत, तरी जुन्या माहितीवर सल्ले देणारे अजून पुष्कळ भेटतात.

फॉर्म ६ फक्त पहिल्यांदा मतदार होणाऱ्यासाठी. ज्याचं देशात कुठेही आधी नाव आहे त्याने तो भरायचा नाही. साताऱ्याहून पुण्यात आला, नागपुरातच एका मतदारसंघातून दुसऱ्यात गेला, लग्न होऊन सासरी आली, कार्ड हरवलं, नावात चूक आहे: या सगळ्यांना फॉर्म ८. नवख्यांकडून सर्वांत जास्त होणारी चूक हीच. गाव सोडून शहरात आलेला माणूस "नवीन मतदार" या बटणावर बोट ठेवतो, आधीचं नाव नाही अशा घोषणेवर सही करतो आणि दोन ठिकाणी नोंदला जातो. एकापेक्षा जास्त मतदारसंघांत किंवा एकाच मतदारसंघात दोनदा नाव ठेवायला १९५० च्या कायद्याची कलम १७ आणि १८ मनाई करतात. जाणूनबुजून खोटी घोषणा केल्यास कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सहसा हे लबाडीने नव्हे, अज्ञानाने घडतं, पण यादीत तो दुबार मतदारच दिसतो. फॉर्म ८ भरला की कार्ड क्रमांक तोच राहतो आणि जुन्या जागेचं नाव तिथून निघतं.

"गावचं नाव ठेवतो, इथलंही घेतो," असं म्हणणारे दर बैठकीत दोन-तीन असतात. त्यांना शांतपणे सांगा की एकच ठेवायचं, कुठलं ते तुम्ही ठरवा. कायदा "सामान्य रहिवासी" कोण एवढंच पाहतो. गावात घर किंवा सातबारा नावावर असल्याने कोणी तिथला सामान्य रहिवासी ठरत नाही. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला मात्र घरचा पत्ता किंवा वसतिगृहाचा पत्ता यांपैकी एक निवडता येतो.

लग्न झालेल्या बायकांचं टेबल वेगळं ठेवावं इतकं ते काम मोठं असतं. माहेरच्या यादीत एक नाव, सासरच्या यादीत दुसरं, आधारवर तिसरं. फॉर्म ८ मध्ये एका वेळी एकच कारण निवडता येतं, म्हणून आधी स्थलांतर करून घ्या आणि ते मंजूर झाल्यावर नावाची दुरुस्ती करा. लग्नानंतर नाव बदलायचं नसेल तर बदलू नका. यादीत माहेरचं नाव आणि सासरचा पत्ता असायला काही हरकत नाही. हा प्रश्न आजचा नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी लाखो बायकांनी स्वतःचं नाव न सांगता "अमक्याची बायको", "तमक्याची आई" असं सांगितलं होतं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीबाहेर राहिली. त्यातल्या बहुतेक उत्तर आणि मध्य भारतातल्या होत्या.

फॉर्म ७ नाव वगळण्यासाठी असतो. घरातल्या वारलेल्या माणसाचं नाव काढायला मृत्यूच्या दाखल्यासह तोच लागतो. हे काम बैठकीत जाहीरपणे करू नका, घरी जाऊन विचारा. दुसऱ्याच्या नावावर हरकतही याच फॉर्मने घेता येते, पण हरकत घेणारा त्याच मतदारसंघाचा मतदार असावा लागतो आणि तो स्वतःच्या सहीने जबाबदारी घेत असतो. गठ्ठ्याने अर्ज दिलेले चालत नाहीत. पक्षाचा अधिकृत बूथ प्रतिनिधीसुद्धा एका दिवसात दहापर्यंतच अर्ज देऊ शकतो, आणि दावे-हरकतींच्या पूर्ण काळात त्याचे तीसपेक्षा जास्त झाले तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याने ते उलटतपासायचे असतात.

फॉर्म ६-ए परदेशी राहणाऱ्या, पण भारतीय नागरिकत्व कायम असलेल्यांसाठी आहे. दुबईत नोकरी करणारा रत्नागिरीचा माणूस पासपोर्टवरच्या पत्त्यावर नोंदला जातो. त्याला कार्ड मिळत नाही. मतदानाला स्वतः यावं लागतं आणि मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. अमेरिकन किंवा पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्यांना ही सोय नाही, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी नाही. गोव्यात हा प्रश्न घरोघरी निघतो, आणि उत्तर देताना "नातेवाईक सांगतात" यावर जाऊ नये.

फॉर्म ६-बी आधार जोडण्यासाठी. तो ऐच्छिक आहे. आधार दिला नाही म्हणून नाव वगळता येत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. "आधार लिंक करा नाहीतर नाव कटेल" असं सांगणारा माणूस बैठकीत असेल तर त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करा.

कागद नसलेल्यांचं काय? फुटपाथवर राहणारे, पालं टाकून राहणारे भटके, कारखान्याच्या तळावरचे ऊसतोड कामगार. निवाऱ्याचा पुरावा नसणाऱ्यांसाठी आयोगाची सूचना स्पष्ट आहे: बीएलओने रात्री त्या जागी जाऊन ती व्यक्ती तिथे झोपते की नाही ते पाहायचं, आणि एकापेक्षा जास्त रात्री पाहायचं. पत्त्याचा कागद नाही एवढ्यावर अर्ज परत करायचा नाही. ही सूचना छापून बरोबर ठेवा. बीएलओला ती माहीत नसते असं नाही, पण रात्रीच्या फेरीचा कंटाळा सगळ्यांनाच येतो.

नावं शोधताना मराठी कसं अडतं

अर्ज इंग्रजीत भरला की मराठी नाव यंत्र तयार करतं, आणि मग "साठे" चे "साथे" होतात, "दाते" चे "डेट" होतात. त/ट, द/ड, न/ण, ल/ळ, स/श या जोड्यांमध्ये बहुतेक गोंधळ सापडतो. पोर्टलवर नावाने शोधताना दोन-तीन वळणांनी शोधा, किंवा सरळ कार्ड क्रमांक टाका. कार्ड फार जुनं असेल आणि त्यावर "एमटी" ने सुरू होणारा, तिरप्या रेघांचा लांब क्रमांक असेल तर तो आता शोधात लागत नाही. नवा क्रमांक तीन अक्षरं आणि सात आकडे असा असतो. यादीत तुमच्या चौकटीत तोच छापलेला सापडेल, आणि फॉर्म ८ मधून नवं कार्ड मागता येईल.

अर्ज भरताना मराठी रकान्यातलं नाव स्वतः वाचून दुरुस्त करा. घाईत "पुढे" दाबलं की चूक पाच वर्षं पुरते.

चर्चा कशी चालवायची

नावं तपासून झाली की लोकांना बोलायचं असतं. ओळखीचा विषय निघाला की दोन बाजू लगेच तयार होतात. एक म्हणते, बोगस मतदान होतं, कागद कडक करा. दुसरी म्हणते, कागद कडक केला की पहिल्यांदा गरीब गळतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच ही चर्चा यादी वाचण्याआधी घेऊ नका. चाळीस पानं वाचून झालेल्या लोकांनी पाहिलेलं असतं की दुबार नावंही आहेत आणि खरी माणसं गळलेलीही आहेत.

अध्यक्षाने तीन प्रश्न वेगळे ठेवावेत. नागरिक कोण, यादीत कोण, आणि समोर उभा आहे तो कोण. तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या कागदांनी मिळतात. आधार तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतं, पहिल्याचं देत नाही. मतदार कार्डसुद्धा तिसऱ्याचंच. हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले की पुढचा तासभर नुसता आवाज होतो.

नियम एकच, पण तो सुरुवातीला मोठ्याने सांगा: बैठकीत कोणाही व्यक्तीचं किंवा कुटुंबाचं नाव घेऊन "हे बाहेरचे आहेत" असं म्हणायचं नाही. शंका असेल तर फॉर्म ७ आहे, त्यावर सही करावी. मग समोरच्याला नोटीस जाते आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. मुंबई आणि दिल्लीतल्या वस्त्यांमधल्या मतदारांकडे नागरिकत्वाचे पुरावे मागितले गेले, त्या लाल बाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं की ज्याचं नाव आधीपासून यादीत आहे त्या नोंदीला वजन आहे, आणि नोटीस व सुनावणीशिवाय ते काढता येणार नाही. वस्तीतल्या कुजबुजीवर हा निकाल चांगला उतारा आहे.

विशेष सखोल पुनरीक्षणाचा, म्हणजे "एसआयआर"चा, प्रश्न आता सगळीकडे निघतो. बिहारमध्ये जून २०२५ मध्ये ते सुरू झालं. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावं आली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने त्या नावांची यादी कारणांसह जाहीर करायला लावली आणि नंतर ओळखीसाठी आधारही धरायला सांगितलं. दुसऱ्या टप्प्यात ४ नोव्हेंबर २०२५ पासून गोव्याचा समावेश झाला. एरवीच्या पुनरीक्षणात तुम्ही काही केलं नाही तर नाव राहतं. सखोल पुनरीक्षणात बीएलओने दिलेला गणना अर्ज भरून दिला नाही तर प्रारूप यादीत नाव येत नाही. फरक एवढाच, पण घरी निवांत बसणाऱ्याला तो महागात पडतो. तयारी म्हणून आपल्या आणि आईवडिलांच्या नावाच्या जुन्या यादीतल्या नोंदी शोधून भाग क्रमांक, अनुक्रमांक लिहून ठेवा.

आणि व्हॉट्सॲपवर फिरणारा तो फॉरवर्ड. "यादीत नाव नसेल तर आधार दाखवून कलम ४९-अ खाली चॅलेंज व्होट मागा, कोणी तुमचं मत टाकलं असेल तर टेंडर व्होट मागा, टेंडर व्होट १४ टक्क्यांवर गेली की फेरमतदान होतं." पहिलं वाक्य साफ खोटं, तिसरंही खोटं, आणि मधलं खरं आहे म्हणून सगळंच खरं वाटतं. यादीत नाव नसेल तर कुठलंही मत मागता येत नाही. हा मजकूर प्रत्येक बैठकीत कोणीतरी वाचून दाखवतोच, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

अर्ज दिल्यानंतर

प्रत्येक अर्जाचा संदर्भ क्रमांक एका वहीत लिहा. अर्ज नाकारला जाण्याची नेहमीची कारणं म्हणजे अस्पष्ट फोटो, पत्त्याचा पुरावा दुसऱ्याच पत्त्याचा असणं, आणि "भेटीत आढळले नाहीत". शेवटच्या कारणासाठी सुरक्षारक्षकाला आधीच सांगून ठेवा की बीएलओ आले तर फाटकावरून परत पाठवू नका. भाड्याने राहणाऱ्यांना घरमालक वीजबिल देत नाही. नोंदणीकृत भाडेकरार चालतो, बँकेचं किंवा टपालाचं पासबुकही चालतं.

नाकारलं तर आदेशापासून १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिलं अपील, आणि तिथल्या निर्णयापासून ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं. बहुतेक लोक अपील न करता पुन्हा अर्ज भरतात. कारण फोटोसारखं किरकोळ असेल तर ते बरोबरच आहे. नाव वगळलं गेलं असेल आणि नोटीसच मिळाली नसेल तर मात्र अपील करा, म्हणजे नोंद राहते.

मतदानाच्या दिवशी

लोकसभा-विधानसभेला मतदार कार्ड नसेल तर आयोगाने ठरवलेल्या बारा पर्यायी कागदांपैकी एक चालतो: आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा टपालाचं पासबुक, मनरेगा जॉब कार्ड, फोटोसह निवृत्तिवेतनाचा कागद, सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमाचं सेवा ओळखपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, आणि आणखी काही. स्थानिक निवडणुकांसाठी राज्य आयोग स्वतःची यादी काढतो, ती वेगळी पाहा. घरी येणारी मतदार चिठ्ठी ओळख म्हणून २०१९ पासून चालत नाही; ती फक्त अनुक्रमांक सापडायला मदत करते. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून डिजिलॉकरच्या भरवशावर जाऊ नका. ई-मतदार कार्ड उतरवलेलं असेल तर छापून न्या.

कार्ड दुसऱ्या मतदारसंघातून दिलेलं असलं तरी चालतं, फक्त नाव या केंद्राच्या यादीत हवं. नावात एखादी वेलांटी चुकली असेल तर ओळख पटत असताना मतदान नाकारायचं नसतं. फोटोच जुळत नसेल तर पर्यायी कागद दाखवावा लागतो. म्हणून वस्तीत सांगताना सरळ सांगा: कार्ड आणि आधार दोन्ही खिशात ठेवा.

आत गेल्यावर चार अडचणी येऊ शकतात.

नाव केंद्रावरच्या वेगळ्या "अनुपस्थित, स्थलांतरित, मृत" यादीत असलं तरी ते मतदार यादीत शाबूत असेल तर मत देता येतं. कागद जास्त काळजीने पाहतात, सहीबरोबर अंगठाही घेतात. घाबरून परत फिरू नका.

एखाद्या मतदान प्रतिनिधीने "हा तो नव्हे" असा आक्षेप घेतला तर त्याला दोन रुपये भरावे लागतात आणि सिद्ध करण्याची जबाबदारी त्याचीच असते. केंद्राध्यक्ष तिथेच थोडक्यात चौकशी करतो. आक्षेप टिकला नाही तर तुम्ही मत द्यायचं. तो उगाच घेतलेला निघाला तर दोन रुपये जप्त. ही रक्कम इतकी जुनी आहे की आता ती दंडापेक्षा नाण्यांच्या संग्रहात शोभेल.

तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर शाई नसलेलं बोट दाखवा आणि प्रदत्त मत, म्हणजे टेंडर व्होट, मागा. नियम ४९-पी खाली ओळख पटल्यावर कागदी मतपत्रिका मिळते, नोंदवहीत सही घेतात आणि ती वेगळ्या पाकिटात जाते. ही मतं नेहमीच्या मोजणीत धरली जात नाहीत. न्यायालयात निकालाला आव्हान दिलं गेलं तर ती उघडली जाऊ शकतात. तरीही मागाच, कारण बोगस मतदान झाल्याचा कागदावरचा पुरावा तेवढाच राहतो.

मत कोणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या खिडकीत चिठ्ठी सात सेकंद दिसते. दाबलेल्या बटणापेक्षा वेगळं चिन्ह दिसलं असं वाटलं तर लेखी घोषणापत्र देऊन चाचणी मत मागता येतं. तक्रार खोटी ठरली तर गुन्हा होतो, तेव्हा खात्री असेल तरच.

८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना लोकसभा-विधानसभेला घरून मत देता येतं. त्यासाठी फॉर्म १२-डी अधिसूचनेपासून पाच दिवसांत भरावा लागतो. एकदा तो मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे आजोबांना आधीच सांगा. वृद्धांना न्यायला शेजाऱ्याने स्वतःची गाडी काढली तर ठीक. उमेदवाराच्या माणसाने भाड्याची रिक्षा पाठवली तर तो कायद्याने भ्रष्ट आचार ठरतो.

सुरक्षारक्षक, दुकानातली मुलं, घरकाम करणाऱ्या बाया यांना मालक सोडत नाहीत ही तक्रार असतेच. लोकसभा-विधानसभेला कलम १३५-बी पगारी सुट्टी देतं. मालकाला दंड मात्र पाचशे रुपयांपर्यंतच, त्यामुळे कायदा दाखवण्यापेक्षा सोसायटीच्या सचिवांनी आदल्या दिवशी पाळ्या बदलून देणं जास्त उपयोगी पडतं.

संध्याकाळी उशिरा सुटणाऱ्यांना एवढं नक्की सांगा: वेळ संपताना रांगेत जे उभे असतील त्या सगळ्यांना मत देता येतं. केंद्राध्यक्ष क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतो, आणि त्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटत येतो, म्हणजे मागून कोणी घुसू नये. मतदान संपायच्या मिनिटाला तुम्ही शाळेच्या फाटकाच्या आत, रांगेच्या शेपटाला असलात तर पहिल्या क्रमांकाची चिठ्ठी तुमच्या हातात पडेल आणि मत सगळ्यांत शेवटी.